मागच्या काचेवरची धूळ

चष्मेवाल्यांना एक खोड होती. जगातली कुठलीही वस्तू दिसली की ते तिला मनातल्या मनात चोवीसने भागायचे. ताई म्हणाली, "बाळ्या, बैठकीत एक लांब सोफा घेऊ या," की हे म्हणायचे, "म्हणजे साधारण आठ सेंटिमीटर." ताई कपाळावर हात मारून घ्यायची आणि सोफ्याचा विषय पुढच्या वर्षावर जायचा. तिचं तरी काय चुकलं? पण ह्यांचंही काय चुकलं म्हणा. ज्याच्या टेबलावर खऱ्या गाडीच्या चोवीसपट लहान गाड्या तयार होतात, ज्यांची स्टेअरिंगं कोटाच्या बटणाएवढी असतात, त्या माणसाला पूर्ण मापाचं जग जरा आडदांडच वाटणार.

खाली चष्म्याचं दुकान, वर घर. दिवसभर लोकांचे नंबर काढायचे, आणि शटर पडलं की वरच्या टेबलावर दिवा लावून बसायचं. धंदाही असा की छंदाला आयता माल मिळावा. काडीच्या बिजागरीतले ते डोळ्यात जाईल एवढे स्क्रू, इवलाले स्क्रूड्रायव्हर, चिमटे, भिंगं. नव्या फ्रेममध्ये दाखवण्यापुरती प्लॅस्टिकची खोटी काच असते ना, ती गिऱ्हाईक टाकून देतं. चष्मेवाले ती जपून ठेवायचे आणि तिच्यातून गाड्यांच्या खिडक्या कापायचे. पन्नाशी आली, लग्न राहून गेलं, पण दुकानातला एक स्क्रू कधी वाया गेला नाही.

ताई त्यांच्याहून मोठी. जन्मभर हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर होती, आता निवृत्त होऊन भावाच्या घरावर राज्य करत होती. धुळीशी तिचं हाडवैर. फडकं हातात नसेल तर तिला काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. आणि गंमत बघा, सख्खा भाऊ चष्मेवाला, पण ही बया चष्मा लावायला तयार नाही! "मला सगळं दिसतं," असं ती ठणकावून सांगायची, कधीकधी भावाकडे बघून, कधीकधी खुंटीवरच्या त्याच्या कोटाकडे बघून.

आता पेंटरबाईंचं सांगतो, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्टच नाही.

रस्त्याच्या टोकाला त्यांचं गॅरेज होतं. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालेली, गॅरेज एकट्या चालवायच्या. ठोकलेल्या, खरचटलेल्या गाड्या यायच्या आणि आरसा होऊन परत जायच्या. अख्ख्या गावाच्या गाड्या चकाचक, आणि बाईंची स्वतःची? विचारू नका. एक जुनी पिवळी डबडी, तिचं मागचं एक दार कधीतरी बदललेलं, त्यावर फक्त करडा प्रायमर मारलेला, पिवळा रंग द्यायला बाईंना फुरसतच झाली नाही. वर गॅरेजमधली पॉलिश पेपरची भुकटी रोज बसायची. मागच्या काचेवर तर एवढी, की येणाराजाणारा बोटाने काहीतरी लिहून जायचा. कुणी लिहिलं, 'मला आंघोळ घाला.' दुसऱ्या दिवशी त्याखाली बाईंच्या बोटाने उत्तर: 'आधी तुमची उरका.' कुणी लिहिलं, 'गाडी पिवळी आहे की करडी?' त्याखाली: 'सोमवारी पिवळी असते.' बाई काच पुसायच्या नाहीत, पण उत्तर दिल्याशिवाय राहायच्या नाहीत. सकाळी लोक पेपर नंतर वाचायचे, ती काच आधी.

या बाई एकदा चष्मा घेऊन दुकानात आल्या. "धुरकट दिसतंय, नंबर वाढला वाटतं." चष्मेवाल्यांनी चष्मा तोंडाजवळ धरला, 'हा' करून वाफ सोडली आणि उजेडात तिरका केला. वाफेत बारीक रेघांचं जाळं उठून दिसलं. "नंबर नाही वाढला, काचेवर ओरखडे पडलेत. ओरखडा एरवी लपून बसतो. त्याला वाफ दिली की बाहेर येतो." बाई एवढ्या हसल्या, की त्यांनी काउंटरवरच्या सगळ्या काचांना एकेक 'हा' करून पाहिलं. चष्मेवाल्यांना गिऱ्हाईक हसतं याचंच नवल वाटलं. त्यांच्याकडे येणारी माणसं बहुतेक डोळे बारीक करून यायची.

गावात मॉडेलवाल्यांचं एक मंडळ होतं. दातांचे डॉक्टर त्याचे अध्यक्ष. वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं, आणि रंगकामाचे गुण द्यायला डॉक्टरांनी पेंटरबाईंना बोलावलं. गेल्या वर्षी चष्मेवाल्यांनी एक लालभडक गाडी ठेवली होती. बघणारे नुसते आहाहा करत होते. बाईंनी हात मागे बांधून (परीक्षकांनी गाडीला हात लावायचा नाही, हा मंडळाचा नियम) वाकून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "काम फार सुंदर आहे. पण या गाडीत कधी कुणी बसलंय असं वाटत नाही."

दुसरा कुणी असता तर फुगून बसला असता. चष्मेवाले घरी आले, आपल्या कपाटातल्या सगळ्या गाड्यांकडे बघितलं आणि त्यांना पटलं. एकीतही कुणी बसलं नव्हतं. कुणी दार आपटलं नव्हतं, कुणी घाईत चिखलाचे बूट घालून आत शिरलं नव्हतं. आणि त्याच बैठकीत त्यांना हेही कळून चुकलं, की आपण या बाईच्या पार प्रेमात पडलो आहोत. पन्नासाव्या वर्षी! कान गरम झाले हो त्यांचे, एकट्यानेच बसल्या जागी.

पण बोलायचं कसं? तिथे गाडी अडली. एकदा धीर करून गॅरेजमध्ये गेले. तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "बोला." हे म्हणाले, "प्रायमरचे किती हात देता?" बाई म्हणाल्या, "दोन." "बरं," म्हणून घरी परत. पुन्हा गेले तेव्हा थिनरबद्दल विचारलं. मग पुट्टीबद्दल. रंगकामाचं ज्ञान वाढत गेलं, बाकी काही पुढे सरकेना. लोकांच्या डोळ्यांत खोलवर बघणं हा ज्याचा रोजचा धंदा, त्याची एका बाईसमोर बोबडी वळायची.

मग एक दिवस बाईंनीच बॉम्ब टाकला. "माझा मोठा भाऊ बोलावतोय. त्याचं दुसऱ्या शहरात मोठं गॅरेज आहे. इथलं बंद करून ये म्हणतो. प्रदर्शन झालं की त्याला काय ते सांगून टाकणार."

चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आणि त्यांच्या तोंडून काय बाहेर पडावं? "तो थिनर कुठला वापरतो?"

घरी येताना त्यांनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. आणि मग बाईंच्या गाडीजवळून जाताना मागच्या काचेकडे लक्ष गेलं, आणि ते रस्त्यात मधोमध उभे राहिले. तोंडाने जमत नाही ना? मग नको. ह्या बाईला प्रश्न कुठे लिहायचा, हे तर सगळ्या गावाला ठाऊक आहे! पण खऱ्या काचेवर लिहिला तर वाचायला सगळा गाव. चोवीसपट लहान काचेवर लिहिला, तर वाचणारी एकच, भिंग घेऊन वाकलेली.

तेव्हापासून चष्मेवाले जमिनीवर नव्हतेच. बाईंची पिवळी डबडी टेबलावर आकार घेऊ लागली. करडं दार करड्या प्रायमरचंच, दोन हात. आरशाला बाईंनी गुंडाळलेली तार, तीसुद्धा. सीटवर बसून बसून पडलेला खड्डा. आणि शेवटी धूळ. रंगीत खडू कुटून, गाळून, मऊ ब्रशने थरावर थर. चाकांच्या वर चिखलाचे शिंतोडे. धुळीवर वार्निश मारलं तर ती ओली दिसते, म्हणून मारलं नाही, तशीच कोरडी ठेवली. मागच्या काचेवर तर हात आखडता घेतलाच नाही. मग श्वास रोखून, सुई टेकवून, धुळीत बोट फिरवल्यासारखी अक्षरं काढली: 'लग्न करता का माझ्याशी?' अक्षर पुसट राहू नये म्हणून सुई जरा जास्तच दाबली गेली. भिंगातून वाचलं, आणि खुर्चीत मागे रेलून खो खो हसले. वार्षिक नंबर काढायला आलेल्या म्हाताऱ्यांना त्या आठवड्यात त्यांनी चष्मे पुसायची फडकी फुकट वाटली.

ताईला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं असतं तर तिने त्याच पावली गॅरेज गाठून विषय मिटवला असता, आणि तेही ओरडून.

प्रदर्शनाची सकाळ. चष्मेवाले आंघोळीला गेले. बाथरूममधून शीळ ऐकू येत होती, तीही सुरात. ते डोकं पुसत बाहेर आले आणि दारातच थबकले. टेबलावर स्वच्छ नॅपकिन अंथरला होता आणि नॅपकिनवर पिवळी गाडी उभी होती. लखलखीत. शोरूममधून आत्ता आल्यासारखी.

मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज त्यांच्या घशातून निघाला.

"कशी झालीय?" ताई हात पुसत म्हणाली. "साबणाचं कोमट पाणी घेतलं. चाकांतलं निघेना, मग जुना टूथब्रश लावला."

"ताई, ती धूळ होती."

"मग? धूळच होती ना! मी काय सोनं धुऊन टाकलं?"

"मी लावलेली धूळ होती गं!"

"तू लावलीस?" ताईचा विश्वास बसेना. "मी जन्मभर या घरात पुसतेय, आणि हा बाहेरून धूळ आणून लावतोय! अरे, चारचौघांत मांडायची गाडी. लोक म्हणतील, घरात कुणाला डोळे नाहीत का?"

"मागची काच," चष्मेवाले कसेबसे म्हणाले. "मागच्या काचेवर काही दिसलं नाही तुला?"

"दिसलं तर! तिच्यावर तर बोटभर होती. दोनदा घासली."

आता बोला! हसावं की रडावं? पुन्हा धूळ चढवायला वेळ नव्हता. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि हॉलमध्ये टेबलं लागत होती. चष्मेवाले म्हणाले, मी जातच नाही. ताई म्हणाली, "एवढी धुतली ती काय घरात ठेवायला?" आणि गाडी खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवी स्वतःच्या हातात घेऊन ती जिना उतरलीसुद्धा. मागोमाग हे, पडलेल्या चेहऱ्याने. भाऊ धुळीसाठी एवढा का रुसलाय, हे तिला काही केल्या कळेना.

हॉल गजबजला होता. टेबलांवर ट्रक, बसगाड्या, शर्यतीच्या गाड्या. चष्मेवाल्यांनी ठरवलं, आता तोंडानेच विचारायचं, मरो ती काच. टेबलापाशी उभं राहून त्यांनी वाक्य घोटलं. लग्न करता का माझ्याशी. लग्न करता का माझ्याशी. साधं तर वाक्य आहे. लोक रोज विचारतात एकमेकांना.

पेंटरबाई आणि डॉक्टर एकेक टेबल करत आले. हात मागे, गळ्यात भिंग. पिवळ्या गाडीपाशी बाई थांबल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "अय्या, ही तर माझी! करडं दार! आरशाची तारसुद्धा! अहो, सीटचा खड्डा!" डॉक्टरही वाकले. चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. "थि..." म्हणाले, आणि तोंड मिटलं.

बाईंचं हसू मात्र जरा मावळलं. "पण एवढी स्वच्छ? माझी अशी कधीच नव्हती."

"मी धुतली ना सकाळी!" ताई पुढे सरसावली. "काय अवस्था करून ठेवली होती याने, तुम्हाला सांगते. धूळ, चिखल, शी!"

बाईंनी ताईकडे पाहिलं. मग चष्मेवाल्यांकडे पाहिलं. ते टेबलक्लॉथची शिवण तपासत होते.

"म्हणजे हिच्यावर धूळ होती," बाई सावकाश म्हणाल्या. "मागच्या काचेवरसुद्धा?"

"तिच्यावर तर सगळ्यात जास्त!"

बाई टेबलाला वळसा घालून गाडीच्या मागच्या बाजूला आल्या. हात मागे बांधलेलेच. भिंग डोळ्याला लावायला डॉक्टरांना सांगितलं, कारण नियम म्हणजे नियम. वाकल्या, काचेच्या अगदी जवळ तोंड नेलं, आणि 'हा' केलं.

मग त्या हलल्याच नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा 'हा' केलं. मग तिसऱ्यांदा.

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "गाडीला कृत्रिम श्वास देताय का?"

बाई सरळ झाल्या. "मागच्या काचेवर ओरखडे आहेत. गुण कापावे लागतील." एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे निघून गेल्या.

चष्मेवाले पुढच्या बाजूला उभे होते, त्यांना काय दिसणार? पण ओरखडे म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते धावत मागे आले आणि गुडघ्यावर बसून काचेवर वाफ सोडली. आली की हो वर! एकेक अक्षर! लग्न, करता, का, सगळं! धूळ गेली, पण सुईने प्लॅस्टिकवर रेघ मारून ठेवली होती. आनंदाने त्यांनी टेबलाचा पाय धरला. बाईंनी वाचलं! तीन वेळा वाचलं!

आणि मग त्यांनी टेबलाचा पाय सोडला. तीन वेळा वाचलं, आणि गुण कापून पुढे गेल्या.

निकालाच्या वेळी डॉक्टरांनी माइकवर सांगितलं, की पिवळ्या गाडीला तिसरा नंबर, काचेच्या ओरखड्यांमुळे पहिला हुकला. टाळ्या वाजल्या. डॉक्टरांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. "मॅडम जरा बाहेर गेल्यात," ते म्हणाले, "भावाला फोन करायचा होता त्यांना."

झालं. संपलं. चष्मेवाल्यांनी कप घेतला, तो कुठल्या हातात घेतला हेही त्यांना कळलं नाही. डोळे भरून आले, चष्म्यावर धुकं धरलं, आणि ताईच्या कोपराला धरून ते आंधळ्यासारखे पायऱ्या उतरले. बाहेर गाड्या लावायच्या पटांगणात ऊन होतं, एवढंच त्यांना समजत होतं. दूर फाटकाजवळ कुणीतरी फोनवर बोलत होतं.

"अगंबाई," ताई थांबली. "हीच ना रे ती पिवळी? खरी? शी शी शी! बाई म्हणत होत्या ते खोटं नाही, काय हा थर!" आणि तिने पर्समधून रुमाल काढला. सवयच ती.

"ताई!" चष्मेवाले किंचाळले. "हात लावू नकोस! काचेला हात लावू नकोस!"

ताईचा हात हवेतच राहिला. "ओरडतोस काय असा? मी काय खातेय का काचेला? आणि इथे तर लिहिलंय लोकांनी." ती डोकं मागे घेऊन वाचू लागली. इथली अक्षरं चांगली बोटभर उंचीची होती, तिला चष्मा लागण्याचं कारणच नव्हतं. "मला आंघोळ घाला. त्याच्याखाली, आधी तुमची उरका. भलतंच! आणि सगळ्यात खाली हे ताजं दिसतंय. 'करते. पण ही गाडी धुवायची नाही.'" ती वळली. "करते? काय करते?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. पुसायला फडकं सापडेना, चष्म्याच्या दुकानदाराला! शर्टाला पुसला, नाकावर चढवला आणि वाचलं. करते. एवढी मोठी अक्षरं, कशानेही न भागलेली.

"लग्न!" ते म्हणाले. मग आणखी मोठ्याने, कप उंच धरून, सगळं पटांगण वळून बघेल अशा आवाजात, "लग्न करते! ताई, माझ्याशी लग्न करते!"

पायऱ्यांवर डॉक्टर होते, त्यांच्या हातातला माइक खाली पडला. आणि फाटकाजवळ पेंटरबाई, फोन कानाला लावलेला, एक हात डोळ्यांवर धरून हसत होत्या. "आलं ना ऐकू, दादा?" त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आता कसं येऊ तुझ्याकडे? हेच तर मघापासून सांगतेय."

चष्मेवाले त्यांच्याकडे धावत सुटले. कशाबद्दलही काही विचारायचं सुचलं नाही त्यांना, थिनरबद्दल तर नाहीच.

ताई मात्र गाडीमागेच उभी राहिली. सकाळची काच, दोनदा घासलेली, हळूहळू तिच्या ध्यानात येत गेली. "अरे देवा," ती म्हणाली, "तिथेपण लिहिलं होतं की काय!" तिने रुमालाची घडी घातली, पर्समध्ये अगदी तळाशी कोंबली आणि भावाला हाक मारली.

"बाळ्या! उद्या माझा नंबर काढ."